उताराची कमाई

हे लिहिणारच नव्हतो मी. खरं सांगतो. एक तर लिहायची सवय नाही. शाळा दहावीनंतर सुटली, पुढचं जे शिकलो ते गॅरेजमध्ये, फोनवर व्हिडिओ बघत आणि शिव्या खात. दुसरं म्हणजे यात माझ्या बापाची चूक आहे, आणि बापाची चूक चारचौघांत सांगायची म्हणजे आपल्याच दारात आपणच चिखल करायचा. शेवटी बाबांनाच विचारलं. म्हणाले, "लिही. फक्त मला शहाणा करून लिहू नकोस." बास. तेवढ्यावर सुरू केलं.

आमचं घर बसवर चालतं. बाबा शाळेच्या बसचे ड्रायव्हर. आई त्याच बसवर मदतनीस, म्हणजे पोरांना चढवायचं, उतरवायचं, नाकं पुसायची, भांडणं सोडवायची. पोरं तिला बसमावशी म्हणतात. आणि मी शाळेच्या शेडमध्ये मेकॅनिक. सकाळी तिघं एकत्र निघायचो आणि संध्याकाळी तिघांच्या कपड्यांना एकच वास, डिझेलचा. आई साबण बदलून बदलून थकली.

बाबांना सगळे थेंबतात्या म्हणतात. का, तर डिझेलचा थेंब वाया जाऊ देत नाहीत. बाकीच्यांच्या गाड्या पंपावर पुन्हा रांगेत असायच्या तेव्हा बाबांच्या टाकीत डिझेल हिंदकळत असायचं. ड्रायव्हर लोक विचारायचे, "तात्या, गाडीला पाणी पाजता का?" बाबा नुसते हसायचे. त्या हसण्यावर ते जगायचे, असं म्हटलं तरी चालेल.

तर थंडी पडायला लागली आणि जुनी बस तपासणीत बाद झाली. तपासणारा माणूस खाली वाकला, चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, हातोडी मारली, आणि हातोडी आत गेली. त्यानं माझ्याकडे बघितलं फक्त. गंजाला काय बोलणार?

मग शिक्षण खात्याचे साहेब आले. गळ्याला मफलर, आवाज बसलेला. हेडमास्तरांच्या खोलीत आम्हाला उभं करून म्हणाले, "घाटाच्या डोक्यावरच्या वस्तीतली पोरं मूठभर. तेवढ्यांसाठी नवी डिझेल बस मिळणार नाही. ती लाइन बंद करायची आणि पोरांना शहरातल्या वसतिगृहात ठेवायचं, असं वरून आहे."

"साहेब, त्यात पहिलीतली पोरं आहेत," आई म्हणाली.

"मला माहीत आहे, बाई."

"दुसरा काही मार्ग?"

साहेब खोकले. "एक आहे. इलेक्ट्रिक बस. एक संस्था आहे, ती शाळांना अशी बस वापरून बघायला देते. चार्जरही तेच बसवतात, ड्रायव्हरलाही शिकवतात. थंडी संपेपर्यंत इथं ठेवतील. घाटात सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही खेपा नीट झाल्या तर खातं तुम्हाला तशीच एक देईल. नाही झाल्या तर..." आणि पुन्हा खोकले. पुढचं खोकल्यातच गेलं.

वरच्या वस्तीत माझा दोस्त राहतो, पत्र्या. छपरांचे पत्रे ठोकतो म्हणून पत्र्या. लोकांची छपरं घालतो आणि स्वतःचं गळतं. त्याची पोरगी भिंगरी, पहिलीत. मी त्याला ही बातमी सांगायला गेलो तेव्हा तो कुणाच्या तरी छपरावर होता. खाली न उतरताच बोलला.

"माझी पोरगी अजून डावी चप्पल उजव्या पायात घालते. ती वसतिगृहात राहणार?"

"बस येतेय म्हणतायत ना. विजेची."

"विजेची! इथं बल्ब नीट पेटत नाही, आणि घाट चढणार विजेवर." त्यानं खिळा ठोकला, वाकडा गेला. पत्र्याचा खिळा वाकडा गेलेला मी कधी बघितला नव्हता. "हे बघ, मी तिला कुठंही पाठवणार नाही. लाइन बंद झाली की तिची शाळा बंद. घरी बसेल."

"असं काय बोलतोस रे?"

"मग कसं बोलू? शिडी धर नीट, हलतेय."

मी शिडी धरली. दुसरं काय करणार होतो?

आणि बस आली!

काय सांगू तुम्हाला. पिवळी, उंच, काचा अशा की आत बसल्यावर डोंगर मांडीवर येतो. पण गंमत वेगळीच. शाळेच्या फाटकासमोर एक कुत्रं रोज रस्त्यात झोपायचं. जुन्या बसचा खडखडाट लांबून ऐकूनच उठायचं. ही बस त्याच्या नाकाशी येऊन उभी राहिली तरी ते झोपलेलंच! शिपायानं येऊन बसच्या पुढच्या बाजूला कान लावला. म्हणाला, "बंद पडली वाटतं."

आतून आवाज आला, "चालू आहे, काका. बाजूला व्हा."

या संस्थेच्या ट्रायलवाल्या मॅडम. बुटांना चिखल, खांद्याला बॅग, एका हातात चहाचा थर्मास. जिथं जातील तिथं आधी बस चालवून बघतात आणि मग दुसऱ्याच्या हातात देतात. मांडीवर कॉम्प्युटर उघडला की बसनं कुठल्या वळणावर किती वीज खाल्ली ते सगळं त्यात दिसतं. मला इतकं भारी वाटलं की पहिल्या दिवशी जेवायचं विसरलो. मी बसच्या खाली शिरलो तर ऑइलचा एक डाग नाही! पाठीवर पडून मी हसत होतो एकटाच. आई म्हणाली, "याला काहीतरी झालंय."

बाबांना मॅडमनी सीटवर बसवलं. गिअरच्या दांडीच्या जागी एक गोल खटका. पुढं, मागं आणि मध्ये न्यूट्रल, म्हणजे गाडी गिअरमधून मोकळी.

"हे काय, मिक्सरचं बटण?" बाबा म्हणाले.

"तेवढंच सोपं आहे, काका. एकच लक्षात ठेवा. चढाला गाडी वीज खाते आणि उताराला परत देते. उतरताना मोटरच चाकांना धरून ठेवते आणि त्यातून बॅटरी भरते. म्हणून घाट उतरताना गाडी गिअरमध्येच हवी."

बाबांनी मान हलवली. बाबांची मान दोन तऱ्हेनं हलते. एक 'कळलं' म्हणून, आणि एक 'बरं बाई' म्हणून. त्या दिवशी कुठली हलली ते मी बघायला हवं होतं. मी बॅटरीच्या झाकणाकडे बघत होतो.

पहिल्याच सकाळी घाट चढलो. धुकं इतकं की बोनेटच्या पुढचं दिसेना. जुन्या बसमध्ये पहिल्या वळणापासून इंजिन रडायचं, आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. आता कसलाच आवाज नाही. नुसती टायरची सळसळ. आई कुजबुजत बोलायला लागली, देवळात बोलतात तशी. वस्तीत पोचलो तर सगळी वस्ती रस्त्यावर. पत्र्या भिंगरीला खांद्यावर घेऊन उभा.

"ही चढली?" तो म्हणाला.

"तुझ्यासमोर उभी आहे ना!"

"ढकलली तर नाहीत?"

भिंगरी खांद्यावरून खाली सरकली आणि बापाला न विचारता चढून बसली. सगळ्यात पुढच्या सीटवर.

पण मग रोज एकच रड. सकाळी बॅटरी भरलेली, संध्याकाळची खेप संपता संपता लाल. शाळेच्या विजेच्या लाइनवर दिवसा एवढा भार चालत नाही, म्हणून चार्जिंग रात्रीच. एका भरण्यात दोन्ही खेपा व्हायला हव्यात. आधी सगळे म्हणाले, थंडी आहे, थंडीत बॅटरी मंदावते. मॅडमपण म्हणाल्या, थोडी मंदावतेच. मग म्हणाले, दप्तरांचं वजन. हेडमास्तरांनी दप्तरं शाळेतच ठेवायला लावली. पोरं खूश, बॅटरी तशीच.

आणि मग तो दिवस. संध्याकाळची वेळ, पोरं घेऊन वर निघालो आणि शेवटच्या चढाच्या आधी बाबांच्या समोर कासवाचं चित्र पेटलं. म्हणजे बॅटरी संपत आली, गाडी आता स्वतःहून हळू चालणार. हळू म्हणजे किती, तर पोरं उतरून चालायला लागली आणि बसच्या पुढे गेली. चढ सुरू झाला आणि बस थांबली. मी चाकामागे दगड लावले. पाठीमागून दुधाचा टेंपो आला. टेंपोवाला बाबांवर पूर्वीपासून जळायचा. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"काय थेंबतात्या! आता तर थेंबसुद्धा नाही की हो!"

बाबा समोर बघत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. टेंपोवाल्यानं दोर टाकला, ओढून वर नेलं, वर जाऊन सगळ्या वस्तीसमोर दोर सोडताना मुद्दाम वेळ लावला. पत्र्या तिथंच होता. भिंगरीचा हात धरला आणि घराकडे वळला. त्याची ती पाठ मला टेंपोवाल्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली. परतीला उतारच होता, म्हणून बस शाळेत तरी पोचली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हेडमास्तरांच्या खोलीतच कॉम्प्युटर उघडला. "हे बघा, चढाला जेवढी खायला हवी तेवढीच खातेय. पण उताराला काहीच परत येत नाहीये. शून्य. काका, उतरताना गाडी गिअरमध्येच असते ना?"

"असते," बाबा म्हणाले.

"मग मोटरमध्ये दोष आहे. मी माणूस बोलावते. पण तो आठवड्यानं येणार, आणि साहेब परवाच येतायत." त्यांचा चेहरा पडला. "परवा ते स्वतः दोन्ही खेपांना बसणार आहेत. त्यावरच ठरवतील."

मी शेडमध्ये गेलो आणि उगाच बसभोवती फिरत राहिलो. दुसरं काय जमतं मला? बाबा नुकतेच सकाळची खेप करून आले होते. मागच्या चाकाशी वाकलो आणि नाकात वास गेला. ब्रेकचे लायनर तापल्याचा. ज्यानं एकदा हुंगला तो हा वास विसरत नाही, करपलेल्या केसांसारखा असतो. ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला, चटका बसला. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, या गाडीचे ब्रेक वर्षानुवर्षं टिकतात, कारण अर्ध्याहून जास्त काम मोटर करते. मग हे तापतात कशाला?

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चाकाशी बसूनच राहिलो.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. उतार लागला की गाडी न्यूट्रल मारायची आणि सोडून द्यायची, ब्रेकवर खेळवत खाली आणायची, ही डिझेलवाल्या ड्रायव्हरांची जुनी विद्या. डिझेल वाचतं म्हणतात. नियमात साफ बंदी आहे, ब्रेक तापून माणसं मेली आहेत. करतात बरेच, बाबांइतकं कुणी नाही, आणि बोलत तर कुणीच नाही. बायकोशीसुद्धा नाही. बाबांचं सगळं नाव त्या एका हालचालीवर उभं होतं. आणि हेडमास्तरांसमोर विचारलं तर जगातला कुठला ड्रायव्हर 'हो, मारतो न्यूट्रल' म्हणेल?

मोटर ठणठणीत होती! मला नाचावंसं वाटत होतं. आणि रडावंसंही वाटत होतं, कारण आता हे बाबांना सांगायचं होतं.

संध्याकाळी बाबा गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसले होते. थंडीत त्यांच्या टाचा फुटतात. आई समोर शेंगा सोलत होती. मी म्हटलं, पाय पाण्यात आहेत तोवर विचारून घ्यावं, उठून जाता येणार नाही.

"बाबा, उताराला न्यूट्रल मारता का?"

पाण्यातले पाय थांबले.

"कोण म्हणतं?"

"ड्रम म्हणतात."

"अच्छा. ड्रम बोलायला लागले तुझ्याशी."

"तापलेत बाबा. लायनरचा वास येतोय."

"मी गाडी चालवायला लागलो तेव्हा तू रांगतही नव्हतास. मला शिकवतोस?"

"शिकवत नाही. विचारतोय."

"मॅडमनी विचारलं. मी उत्तर दिलं."

"ते हेडमास्तरांसमोर. इथं कोण आहे?"

बाबांचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता टब लाथाडतील. तेवढ्यात आई शेंगांकडे बघतच म्हणाली, "मारतात."

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? रोज त्याच गाडीत असते मी. तुम्ही गिअर काढला की माझ्या पोटात खड्डा पडतो. झोपाळा खाली येताना पडतो ना, तसा. इतकी वर्षं पडतोय. आणि या नव्या गाडीत तर आणखी खोल."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही डिझेल वाचवता म्हणून सगळे वाहवा करायचे. मी म्हटलं, पोट आपलं, डिझेल सरकारचं. काय बोलायचं?"

मी हसलो. आवरलंच नाही. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की हसू घशात परत गेलं. मग ते टबातल्या पाण्याकडे बघत बसले. बोलले तेव्हा आवाज वेगळाच होता.

"मोकळी सोडली की कशी सरसर जाते रे ती. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, एवढी वीज तरी वाचली." पायानं पाणी ढवळलं. "मी तिला वाचवत होतो. आणि मीच तिचं तोंड दाबून धरलं होतं होय?"

आईनं टबात आणखी भांडंभर गरम पाणी ओतलं.

"परवा साहेब शेजारी असतील," बाबा म्हणाले. "आणि उतार लागला की माझा हात जाणार. डोक्याला कळलं. हाताला कुठं कळलंय?"

"मग मी पुढं बसते," आई म्हणाली. "हात उचलला की ओरडते."

"साहेबांसमोर?"

"साहेबांसमोर."

परवा उजाडलं. धुकं, गार वारा, श्वासाची वाफ. साहेब मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर. त्यांच्यामागे मॅडम कॉम्प्युटर घेऊन, चेहरा असा की निकाल लागून गेलाय आणि नापास झाल्यात. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबांची नोकरी गेलीच असती, आणि बाबा म्हणाले होते, "आधी करून बघू दे. मग मी बोलेन. माझं मी." मी दाराच्या पायरीवर बसलो. आई बाबांच्या अगदी बाजूला उभी, दांड्याला धरून.

चढ झाला. बॅटरी उतरत गेली, ती उतरायचीच. वस्तीतली पोरं चढली. पत्र्यानं भिंगरीला चढवलं आणि माझ्याकडे बघून हनुवटीनंच विचारलं, 'काय?' मी हनुवटीनंच म्हटलं, 'बघू.'

आणि उतार सुरू झाला. पहिलंच वळण. बाबांचा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि खटक्याकडे निघाला. त्यांना कळलंही नसेल.

"हात!" आई ओरडली.

हात जागच्या जागी थांबला. साखरेच्या डब्यात पकडलेल्या पोराच्या हातासारखा झटक्यात मागं गेला.

आणि बस थांबली नाही, पळालीही नाही. कुणीतरी मागून शर्ट धरून चालवावं तशी हळूहळू उतरायला लागली. ब्रेकवर पाय नाही! मी पायरीवरून वाकून बघितलं, बाबांचा पाय ब्रेकच्या वर नुसता अधांतरी, टेकलेलाही नाही.

दुसरं वळण. "हात!" तिसरं वळण. आईच्या आधी भिंगरी ओरडली, "हाऽऽत!" आणि मग अख्खी बस. कुणालाच माहीत नाही हा काय खेळ आहे, पण बाबांचा हात उचलला रे उचलला की सगळी गाडी, "हाऽऽऽत!" बाबांच्या कपाळावर थंडीत घाम.

आणि पुढच्या सीटवरचा सहावीतला एक चष्मेवाला, तो बाबांच्या समोरच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा बघत होता, तो किंचाळला, "मावशी! वाढला! आकडा वाढला!"

मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. कॉम्प्युटर मांडीवरून घसरला, मी झेलला. "परत येतेय," त्या म्हणाल्या. आधी हळू, मग जोरात. "परत येतेय! काका, वीज परत येतेय!"

"आणखी एकानं वाढला!" चष्मेवाला. पोरं टाळ्या पिटतायत, काचा धुरकट झाल्यात, आणि मी दाराच्या दांड्याला लटकून वेड्यासारखा ओरडतोय. उताराला कमाई होत होती! खाली जात होतो आणि आकडा वर जात होता. असं मी जन्मात बघितलं नव्हतं.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. बसलेला आवाज, तरी सगळे गप्प झाले. "हे हात हात काय चाललंय?"

आईनं तोंड उघडलं. पण बाबांनी रुंद जागा बघून बस कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि वळून बसले. "चालवताना मी बोलत नाही, साहेब. थांबून सांगतो. मी उताराला न्यूट्रल मारतो. पहिल्यापासून. जुन्या गाडीतही आणि हिच्यातही. मोटरमध्ये काही दोष नाही. दोष या हातात आहे."

मला वाटलं, संपलं. बाबांची नोकरी या वळणावर संपली.

"नियमात बसत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोललात."

"बोललो. हेडमास्तर उभे होते."

साहेबांनी मफलर सोडला, परत गुंडाळला. तेवढ्यात मॅडमनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. फाटकन. "साहेब, डोंगराकडच्या दोन ठिकाणी आमच्या बस अशाच परत आल्या. तीच तक्रार, उताराला शून्य. आम्ही मोटर बदलून बघितली. तिथंही ड्रायव्हरना विचारलं होतं मी."

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"'असते' म्हणाले."

"म्हणणारच," बाबा म्हणाले.

साहेबांना हसू फुटलं, त्याचा खोकला झाला, आणि खोकता खोकता त्यांनी हातानं खूण केली, चला पुढं.

संध्याकाळची खेपपण झाली. शाळेच्या आवारात परत आलो तेव्हा आकडा लाल पट्ट्याच्या चांगलाच वर. मी उडी मारली आणि मागच्या ड्रमला हात लावला. गार. गालच लावला. आई लांबून म्हणाली, "सांगितलं होतं ना, याला काहीतरी झालंय."

साहेबांनी तिथंच सांगून टाकलं. लाइन चालू राहील. ही बस पुढच्या जिल्ह्यात जाईल, पण तिच्या जागी दुसरी मिळेपर्यंत हलणार नाही. मग बाबांकडे वळले. "आणि तुम्ही. शिक्षा तर व्हायलाच हवी."

"व्हायला हवी," बाबा म्हणाले.

"या बसबरोबर मॅडमसोबत जायचं. प्रत्येक डोंगरी शाळेत. तिथल्या ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि त्याच्या हातावर लक्ष ठेवायचं."

"शेजारी? म्हणजे चालवायची नाही?"

"चालवायची नाही."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिक्षा खरंच बसली होती. "मग इथली बस?" त्यांनी विचारलं.

"हा आहे की," आई म्हणाली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. मोठ्या गाडीचं लायसन माझ्याकडे होतंच, पण पोरं बसलेली गाडी बाबांनी मला कधी दिली नव्हती. बाबांनी माझ्याकडे बघितलं, बसकडे बघितलं, आणि मान हलवली. या वेळी मी नीट बघितलं. 'कळलं'वाली होती.

दुसरी बस आली आणि बाबा मॅडमबरोबर गेले. माझी पहिली सकाळ. घाट चढून वस्तीत पोचलो, दार उघडलं. पोरं चढली, आई आत त्यांना बसवत होती. पत्र्या भिंगरीला चढवून खाली तसाच उभा. मी खिडकी उघडली.

"तू चालवणार?" तो म्हणाला. "तुझ्या सायकलवरून किती वेळा पडलोय मी."

"ती सायकल होती."

"सायकलला निदान घंटी होती. ही तर मांजरासारखी येते." हसला, पण पूर्ण नाही. मग खिडकीपाशी आला, टाचा उंचावून, हळू आवाजात. "ऐक. भिंगरीला गाडीत झोप लागते. जुनी गाडी शाळेत थांबली की इंजिन बंद व्हायचं, त्या शांततेनं ती जागी व्हायची. ही गाडी चालते तशीच थांबते. पोचलो हे पोरीला कळतच नाही. सीटवरून घसरून खाली झोपते कधी कधी."

"आई असते ना पत्र्या."

"असते, माहीत आहे. तिलाही एखाद दिवशी ताप येईल. दुसरी कुणी बाई असेल, गडबडीत असेल. दार लागेल, तू चार्जर लावशील आणि घरी जाशील. आणि माझी पोरगी आत." त्यानं खिडकीची कड धरली होती. पत्रे ठोकून ठोकून खडबडीत झालेली ती बोटं, नखं काळी. "आवाज करणारं काहीच नाही तुझ्या गाडीत."

चेष्टा करायला तोंड उघडलं होतं मी. मिटलं.

"पत्र्या, गाडी थांबली की मी उठेन," मी म्हटलं. "रोज. आई असो, नसो. शेवटच्या सीटपर्यंत चालत जाईन आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघेन. भिंगरी शाळेत गेलेली दिसली असली तरी बघेन. त्याच्याआधी दार लावणार नाही. हे माझं वचन."